निवासी डॉक्टर आणि रुग्णसुरक्षेचे शिक्षण

पुण्यातील ससून रुग्णालय हे बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असल्याने तेथील दैनंदिन उपचारांचा मोठा भार पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांवर असतो. त्यामुळे रुग्णसुरक्षा, म्हणजे उपचारांतूनच होऊ शकणारी टाळण्याजोगी इजा रोखणे, हा विषय त्यांना शिकवणे अगत्याचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अभ्यासक्रम २००९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आणि २०११ मध्ये सर्व आरोग्यशाखांसाठी प्रसिद्ध केला. रुग्णसुरक्षेसाठी लागणारी गुणवत्ता सुधारणा मात्र केवळ व्याख्यानांतून येत नाही: रात्रपाळीचा डॉक्टर सकाळी वॉर्ड सोपवताना केसपेपरवरील कोणती बाब सांगायची राहते हे आठवडाभर मोजायचे, एक छोटा बदल करायचा, पुन्हा मोजायचे आणि गुण आला तरच तो बदल कायम करायचा, असे हे चक्र आहे. दोषी हुडकण्याची सवय (ती वॉर्डांत चांगलीच मुरलेली असते) सुटल्याखेरीज चुकांची नोंदच होत नाही. शस्त्रक्रियेतील चुका टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या तपासणी-सूचीत १९ बाबी असून त्या भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने वाचून पडताळायच्या असतात.