ममीरसाठी दिस्क-ऑन-की कशी तयार करावी

पेसाखच्या आधी एका संध्याकाळी आमच्या घरच्या 'ईदान प्लस'च्या ममीरने मान टाकली. लाल दिवा लागे, पण चित्र येईना. २००९ पासून ही सोय आहे, अँटेनावर महिन्याचे पैसे न भरता मुख्य वाहिन्या दिसतात, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ही पेटी असेल. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. नातू म्हणाला, "सबा, पेटी चांगली आहे. आतला प्रोग्राम बिघडलाय, तो पुन्हा भरता येतो." हे काम दिस्क-ऑन-कीने होते. बोटाएवढ्या या वस्तूला बाकी जग यूएसबी म्हणते. आपल्या इस्राएलमधले नाव मात्र कफार सबाच्या एम-सिस्टम्स कंपनीच्या मालावरून पडले. दोव मोरान यांच्या त्या कंपनीने २००० साली ती बाजारात आणली.

प्रथम पेटी उलटी करून खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर लिहून घ्यावा. पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच नंबरची फाईल उतरवावी. "जवळजवळ तसाच" नंबर चालत नाही. दुसऱ्या मॉडेलची फाईल भरली तर चांगली पेटीही कायमची बसू शकते. फाईल झिपमध्ये बांधलेली असेल तर गाठोडे आधी सोडावे.

मग दिस्क-ऑन-की फॉरमॅट करायची. येथे आम्ही चुकलो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आम्ही ड्रॉवरमधली हाताला लागली ती घेतली आणि पुसली. तीवर आमच्या थोरल्या बहिणीने म्हटलेली कीर्तने होती. बाई आता नाहीत. पुसल्यावर तिथेच थांबलो असतो तर जाणकाराला बरेचसे परत काढता आले असते, कारण साध्या फॉरमॅटने यादी पुसली जाते, मजकूर लगेच जात नाही. पण आम्ही तीवर नवी फाईल चढवून मोकळे झालो. दिमोनाच्या भाचीकडे त्यांतली दोन कीर्तने निघाली, तेवढीच. तेव्हा आधी काँप्युटरवर उघडून आत काय आहे ते पाहावे, किंवा सरळ नवी आणावी. ३२ जीबीपेक्षा मोठी नको.

फॉरमॅट करताना 'फॅट-३२' हा प्रकार निवडावा. पुष्कळ पेट्यांना दुसरी लिपी वाचता येत नाही. फाईल कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता मोकळी ठेवावी आणि तिचे नाव बदलू नये. तीच फाईल दोनदा उतरवली की काँप्युटर नावापुढे कंसात १ लावतो. एवढ्याने पेटी ती ओळखत नाही! आमचा एक तास त्यातच गेला. शेवटी 'इजेक्ट' म्हणून मगच ती बाहेर काढावी.

आता पेटीची वीज भिंतीपासून बंद करावी, दिस्क-ऑन-की लावावी, पेटीवरचे बटण दाबून धरावे आणि वीज चालू करावी. काही पेट्यांत हे मेन्यूतून होते. कंपनीच्या सूचना वाचाव्या. दिवा लुकलुकू लागला की हात मागे! काम पुरे होण्याआधी वीज गेली तर पेटी अर्धवट राहते, मग ती दुरुस्त होणे कठीण. म्हणून हे काम शुक्रवारी दुपारी काढू नये. आमच्या टीव्हीचा प्लग शब्बाथच्या घड्याळावर आहे, तसा तो पुष्कळ घरांत असतो, आणि ते घड्याळ कोणासाठी थांबत नाही. प्लग त्यातून काढून थेट भिंतीत लावावा.

पेटी आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होते. जुन्या वाहिन्यांची यादीही बहुधा गेलेली असते, ती रिमोटने पुन्हा शोधून घ्यावी. आमची पेटी चालू आहे. बाईंची दोन कीर्तने आता दोन निरनिराळ्या दिस्क-ऑन-कींवर आहेत, आणि दोन्हींवर 'पुसू नये' अशी मराठीत चिठ्ठी लावली आहे. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणून खाली हिब्रूतही लिहिले.