अल्प पल्ल्याच्या बिनतारी उपकरणांचा वर्गनिर्णय

बिनतारी तापमापक, दूरनियंत्रक, पाण्याच्या मीटरवरील संदेशप्रक्षेपक इत्यादी अल्प पल्ल्याच्या उपकरणांबाबत युरोपीय संघात प्रारंभीच उपस्थित होणारा प्रश्न म्हणजे उपकरण कोणत्या वर्गात मोडते, हा होय. ह्याचे उत्तर उपकरणाच्या रचनेत शोधण्याचा मोह सहज होतो. वस्तुतः वर्ग हा उपकरणाचा अंगभूत गुण नव्हे. उपकरणाचे मोजलेले वर्तन व नियमांचे कोष्टक ह्यांची सांगड घातल्यावरच तो निश्चित होतो.

वर्गांची व्याख्या युरोपीय आयोगाच्या २०००/२९९ ह्या निर्णयात आहे. जे उपकरण संघातील सर्व राष्ट्रांत निर्बंधावाचून विकता व वापरता येते, ते पहिल्या वर्गाचे. ज्यावर सदस्य राष्ट्रे निर्बंध घालतात, ते दुसऱ्या वर्गाचे. दुसरा वर्ग म्हणजे निषिद्ध नव्हे. देशागणिक पृथक् चौकशी करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. १९९९/५ हा निर्देश अमलात असताना दुसऱ्या वर्गाच्या उपकरणावर वर्तुळातील उद्गारचिन्ह छापावे लागे. २०१४/५३ ह्या निर्देशाने १३ जून २०१६ पासून त्याची जागा घेतली व चिन्ह गेले. तथापि निर्बंधांची माहिती वेष्टनावर देण्याचे बंधन आहेच, आणि वर्गनिर्णयाचे काम तर यत्किंचितही हलके झालेले नाही.

‘वर्ग’ ह्या शब्दानेच पुष्कळ घोटाळा होतो. ब्लूटूथमधील पहिला वर्ग हा १०० मिलिवॉटपर्यंतच्या शक्तीचा निदर्शक आहे. ईएन ३०० २२० ह्या मानकातील ग्राहकांच्या श्रेणी ग्रहणाच्या गुणवत्तेशी निगडित आहेत. प्रस्तुत वर्गाशी ह्यांपैकी कशाचाही संबंध नाही.

निर्णयाचा खरा आधार म्हणजे २००६/७७१ ह्या निर्णयाचे, वेळोवेळी सुधारलेले, कोष्टक. कंप्रतापट्टा, शक्ती, प्रक्षेपणकाल व उपयोग ह्या सर्व बाबतींत जे उपकरण त्यातील एखाद्या नोंदीत पूर्णपणे बसते, ते पहिल्या वर्गाचे ठरते. समजा, एक संवेदक ८६८.३ मेगॅहर्ट्झवर कार्य करतो. ८६८.० ते ८६८.६ मेगॅहर्ट्झ ह्या पट्ट्यात प्रभावी प्रारित शक्तीची मर्यादा २५ मिलिवॉट असून प्रक्षेपणकाल एक टक्का, म्हणजे तासाला ३६ सेकंद, इतकाच अनुज्ञेय आहे. अथवा त्याऐवजी पट्टा मोकळा आहे की नाही हे ऐकून मगच बोलण्याचे तंत्र वापरावे लागते. संवेदक दर मिनिटास १.२ सेकंदांचा संदेश पाठवीत असेल, तर तासाचे ७२ सेकंद होतात व उपकरण कोष्टकाबाहेर जाते. संदेश अर्ध्या सेकंदाचा केला, तर ३० सेकंद भरतात आणि तेच उपकरण आत येते. यंत्रात एका तारेचाही बदल झालेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ८६९.४० ते ८६९.६५ मेगॅहर्ट्झ ह्या पट्ट्यात दहा टक्के काल व ५०० मिलिवॉट शक्तीची मुभा असल्याने तिकडे सरकणे हाही एक मार्ग होय.

शक्तीच्या गणितात चूक होते ती अँटेनाच्या लाभामुळे. ह्या पट्ट्यांत कोष्टक अर्धतरंग द्विध्रुवाशी तुलना करते, तर उत्पादकांची पत्रके बहुधा आदर्श सर्वदिश अँटेनाशी. दोहोंतील २.१५ डेसिबलचे अंतर वजा न केल्यास निर्दोष उपकरण दोषी ठरते. उलटपक्षी, २५ मिलिवॉटच्या प्रक्षेपकाला पत्रकात ५.१५ डेसिबल लाभ नोंदलेला अँटेना जोडल्यास, तारेतील ऱ्हास वगळता, प्रभावी शक्ती ५० मिलिवॉट होते. प्रयोगशाळेत पल्ला वाढविण्यासाठी केलेली ही साधी अदलाबदल प्रमाणपत्राचा आधारच काढून घेते. (२४०० मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र कोष्टकही सर्वदिश अँटेनाच गृहीत धरते.)

मर्यादा ओलांडलेले उपकरण आपोआप दुसऱ्या वर्गात उतरते, हीही भ्रामक समजूत होय. निदान एका सदस्य राष्ट्रात तरी ते नियमभंग न करता चालविता आले पाहिजे, असे २०१४/५३ च्या दहाव्या अनुच्छेदात आहे. तसे एकही राष्ट्र नसेल, तर त्याला बाजारात स्थान नाही.

हा वर्ग संघाच्या सीमेपलीकडे प्रमाण नाही. भारतात २०२१ च्या नियमांनी अल्प पल्ल्याच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगॅहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त केला. उपर्युक्त संवेदक ८६८.३ वर बोलतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या जेमतेम ०.३ मेगॅहर्ट्झ पलीकडे. युरोपात पहिल्या वर्गाचा ठरलेला हा संवेदक येथे आणताना त्याची कंप्रता बदलावी लागेल.