दहापटीचा हिशेब

फोनमधली ५,००० एमएएचची बॅटरी रिकामी झाल्यावर पुन्हा पूर्ण भरते, तेव्हा तिच्यात लिथियमचे किती आयन जागा बदलतात? ११२ लिहून पुढे २१ शून्यं मांडा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या नावांची यादी परार्धापाशी थांबते, आणि परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. आपली संख्या भरते ११ लाख २० हजार परार्ध. चार्जिंगला एक तास लागला असं धरलं, तर दर सेकंदाला सरासरी ३११ परार्ध आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. आणि या सगळ्या लिथियमचं वजन? जेमतेम १.३ ग्रॅम.

एवढासा ऐवज, पण तो ठेवायला कोठार मोठं लागतं. चार्जिंगच्या वेळी लिथियम बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे अ‍ॅनोडमध्ये, जाऊन बसतं. १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून हा अ‍ॅनोड मुख्यतः कार्बनचाच आहे. आज तो बहुधा ग्रॅफाइटचा असतो. ग्रॅफाइटमध्ये लिथियमच्या एका अणूला जागा द्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. त्यामुळे एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर ३७२ एमएएच साठवतं. ५,००० एमएएचसाठी झालं १३.४ ग्रॅम.

सिलिकॉनची गोष्टच वेगळी. त्याचे चार अणू लिथियमचे तब्बल १५ अणू सामावून घेतात. एका ग्रॅमची क्षमता ३,५७९ एमएएच, ग्रॅफाइटच्या साडेनऊपटीहून जास्त. फोनसाठी मग १.४ ग्रॅम पुरतं. ६० किलोवॅट-तासांच्या मोटारीच्या बॅटरीत कागदावरच्या हिशेबाने सुमारे ४४ किलो ग्रॅफाइट लागतं, सिलिकॉन लागेल साडेचार किलो. शिवाय पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉनच आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातसुद्धा निम्म्याच्या आसपास सिलिकाच असते.

मग बॅटऱ्या दहापट का चालत नाहीत? कारण या एका आकड्याच्या वाटेत आणखी चार आकडे उभे आहेत.

पहिला आकडा ४. लिथियम शिरलं की ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगतं. सिलिकॉनचं आकारमान मात्र जवळपास चौपट होतं, आणि लिथियम निघून गेलं की ते पुन्हा आक्रसतं. रोज एकदा चार्ज केलं तर वर्षाला ३६५ वेळा हे फुगणं आणि आक्रसणं. सिलिकॉन मुळात ठिसूळ. काही दिवसांतच त्याला तडे जातात, तुकड्यांचा विद्युत संपर्क तुटतो आणि त्यांच्यातली साठवण कायमची वाया जाते.

दुसरा आकडा १५०. स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई यांच्या गटाने २००८ साली दाखवलं, की सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा वापरल्या तर त्या फुगूनही तुटत नाहीत. पुढे २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रयोगांतून सिलिकॉनच्या स्फटिकी कणांसाठी एक सीमारेषा मिळाली. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण पहिल्या भरणीत तडकत नाही, मोठा तडकतो. माणसाच्या केसाच्या जाडीत असे पाचेकशे कण शेजारी शेजारी मावतात. एक ग्रॅम सिलिकॉनचे असे कण केले तर त्यांची संख्या भरते सुमारे २.४ लाख अब्ज.

आता तिसरा आकडा, आणि इथेच उपायातून नवा प्रश्न निघतो. कण जेवढे बारीक, तेवढा पृष्ठभाग जास्त. त्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग होतो १७ चौरस मीटर, म्हणजे साधारण १८५ चौरस फूट. या सगळ्या पृष्ठभागावर बॅटरीतल्या द्रवाशी रासायनिक क्रिया होऊन एक पातळ पापुद्रा धरतो. तो अ‍ॅनोडचं रक्षण करतो, पण तयार होताना लिथियम खातो. ग्रॅफाइटवर तो एकदा नीट बसला की बराच काळ टिकतो. सिलिकॉन फुगलं की तो फाटतो, खालचा कोरा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथे नवा पापुद्रा धरतो आणि आणखी लिथियम जातं.

हे नुकसान किती चालेल, ते चौथा आकडा सांगतो. प्रत्येक फेरीत, म्हणजे बॅटरी एकदा भरून रिकामी होताना, ९९ टक्के लिथियम परत आलं तर ऐकायला उत्तम वाटतं. प्रत्यक्षात ६९ फेऱ्यांत निम्मी बॅटरी संपते. ९९.९ टक्के परत आलं तरी ५०० फेऱ्यांनंतर उरते ६१ टक्के. ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता शिल्लक राहायची, तर दर फेरीला ९९.९७ टक्क्यांहून जास्त लिथियम परत यावं लागतं. म्हणजे तासाभराच्या चार्जिंगमधले फक्त एका सेकंदाचे आयन हरवलेले चालतात. हे ३११ परार्ध दर फेरीला गमावूनही बॅटरी उत्तीर्ण होते, आणि त्याच्या दुप्पट गमावले तर नापास.

म्हणून आजच्या बॅटऱ्यांत नुसतं सिलिकॉन क्वचितच असतं. सच्छिद्र कार्बनच्या पोकळ्यांत ते बसवतात, म्हणजे फुगायला आत जागा राहते आणि द्रवाशी थेट संपर्क कमी होतो. बहुतेक वेळा हे मिश्रण ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं जातं. २०२३ मध्ये ऑनर कंपनीने मॅजिक ५ प्रो या फोनच्या चिनी आवृत्तीत सिलिकॉन-कार्बन बॅटरी दिली. तिची क्षमता होती ५,४५० एमएएच, तर त्याच फोनच्या जागतिक आवृत्तीत ५,१००. वाढ सात टक्के. दोनच वर्षांत अशा बॅटरीचे ७,००० एमएएचचे फोन भारतातल्या दुकानांत आले.

आणि समजा, सिलिकॉनच्या सगळ्या अडचणी उद्या सुटल्या, तरी? बॅटरीला दुसरी बाजूही असते. तिथलं द्रव्य ग्रॅममागे साधारण २०० एमएएच देतं, म्हणून फोनसाठी ते २५ ग्रॅम लागतं. २५ अधिक १३.४ म्हणजे ३८.४ ग्रॅम. सिलिकॉन घातल्यावर २६.४. अ‍ॅनोड साडेनऊपटीने सरस झाला, आणि दोन्ही बाजूंच्या द्रव्यांचं मिळून वजन घटलं ३१ टक्के. अ‍ॅनोड अगदी वजनरहित केला तरी घट ३५ टक्क्यांवर थांबते.

तेव्हा दहापटीची जाहिरात दिसली तर ती अ‍ॅनोडच्या एका ग्रॅमबद्दल आहे, तुमच्या फोनबद्दल नाही, हे ध्यानात ठेवा. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनच्या लेबलवर ८० टक्के क्षमता राहीपर्यंतच्या फेऱ्यांची संख्या छापावी लागते, आणि ती ८०० हून कमी चालत नाही. नवा फोन घेताना एमएएच विचारतोच आपण. यापुढे फेऱ्या किती, तेही विचारा.