विश्लेषण : गाडीमागे धावणारा कुत्रा काठीने का सुधारत नाही?

गोंदिया तालुक्यातील बिरसी बाहेरच्यांना विमानतळामुळे माहीत. गावातले चित्र मात्र कुठल्याही गावासारखेच असते. दिवसभर दारात बांधलेला कुत्रा संध्याकाळी सुटतो, रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीवर झेपावतो आणि चालकाचा तोल जातो. मग कुत्र्याला चोप मिळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चक्र थांबू शकते का?

गाडीमागे का धावतो?

पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती. त्यात एक गंमत घडते. कुत्रा भुंकत धावतो आणि गाडी निघून जाते. ती तशीही जाणारच होती, पण आपणच तिला पळवले, असे त्याला वाटते. म्हणजे प्रत्येक पाठलागानंतर त्याला बक्षीसच मिळते आणि सवय पक्की होते. त्यातच दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्याची साठलेली ऊर्जा सुटताच अशी बाहेर पडते. त्याला ‘राखणीला तापट हवा’ म्हणून बांधून ठेवणे हा उलटा हिशेब आहे.

मारल्याने काय होते?

पाठलाग करून परतलेल्या कुत्र्याला मालक मारतो. कुत्र्याच्या डोक्यात मात्र धावणे आणि मार यांची सांगड बसत नाही. परत येणे आणि मार यांची बसते. पुढच्या वेळी हाक मारली तरी तो येत नाही. अनेक घरांतली ‘ऐकत नाही’ ही तक्रार इथूनच सुरू होते. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेनेही २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचीच शिफारस केली. वाघांच्या शिकारीचा माग काढणारे वन विभागांचे श्वान तयार होतात, तेही बक्षिसाच्या जोरावर.

मग शिकवायचे कसे?

पहिली गोष्ट, पाठलागाची संधीच द्यायची नाही. काही आठवडे कुत्रा लांब दोरीवरच बाहेर न्यावा. रस्त्यापासून इतक्या अंतरावर थांबावे, की गाडी दिसेल पण तो उसळणार नाही. गाडी दिसताच नाव घेऊन हाक मारावी, मान वळली की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या काळजाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा. तुकडा सेकंद-दोन सेकंदांत मिळायला हवा. उशीर झाला की कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. अंतर हळूहळू कमी करायचे. कुत्रा उसळला तर ओरडायचे नाही, चार पावले मागे यायचे. दिवसातून पाच-पाच मिनिटे दोन-तीन वेळा पुरतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट खाऊ म्हणून देऊ नयेत, ते कुत्र्याला घातक आहेत.

घरात घाण करणाऱ्या पिल्लाचे नाक त्यात घासण्याचा जुना उपाय निरुपयोगी आहे. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे, तिथे केले की कौतुक करावे. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारणाऱ्याकडे पाठ फिरवावी; चारही पाय जमिनीवर आले की लाड करावेत. अडचण बहुतेकदा कुत्र्याची नसते. बाबा ताटाजवळ येऊ देत नाहीत आणि आजी हळूच ताटातला घास टाकते, अशा घरात तो आजीचाच नियम शिकतो.

पिल्लाचे वय तीन ते साधारण बारा आठवडे असताना जे ओळखीचे होते, त्याची भीती पुढे कमी राहते. ट्रॅक्टर, बैल, शाळेतली मुले, बिरसीत तर विमानांचा आवाज, हे सारे तेव्हाच लांबून, खाऊ देत दाखवावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र पिल्लू अनोळखी कुत्र्यांत सोडू नये.

जंगलाचा काय संबंध?

याच जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे आणि नागझिरा रानकुत्र्यांसाठी ओळखला जातो. मोकाट पाळीव कुत्रा जंगलात गेला तर कॅनाइन डिस्टेंपरसारखा विषाणू वन्यप्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो. गीरमध्ये २०१८ साली सिंह दगावले तेव्हा याच विषाणूची बाधा आढळली होती. म्हणून रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही हवी. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मालकावर जबाबदारी काय?

प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरी बाजू फारशी कुणाला ठाऊक नसते. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तोही गुन्हा आहे.

मोठा कुत्राही शिकतो, फक्त वेळ जास्त लागतो. मात्र शांत कुत्रा अचानक अंगावर येऊ लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याची चाल लडखडली, तर खाऊ घेऊन जवळ जाऊ नये. सर्वांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे.