गांजाचा धूर आणि सकाळचा खोकला

परवा गोकुळपेठ बाजारात भाजी घेताना ओळखीच्या एक काकू हळूच म्हणाल्या, "पोरगा गांजा ओढतो, चार-पाच वर्षं झाली. म्हणतो, झाडपाला आहे, सिगारेटसारखा नाही. मग सकाळी उठल्याबरोबर एवढा खोकतो कशानं?" आज धरमपेठेतून बोलताना त्यांचाच प्रश्न घेते.

तंबाखूही झाडपालाच आहे की! कुठलाही पाला जाळला की डांबरासारखा चिकट अंश आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्यात गांजाचा झुरका खोल घेतात आणि धूर छातीत कोंडून धरतात. अमेरिकेत १९८८ साली मोजमाप झालं. सिगारेटच्या मानानं गांजाच्या विडीतून डांबर सुमारे तिप्पट आत गेलं आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे निकामी होणारं रक्तातलं हिमोग्लोबिन जवळजवळ पाचपट वाढलं. आपल्याकडे चिलमीत बरेचदा तंबाखू मिसळतात, तो वेगळाच.

श्वासनलिकेत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात. केरसुणीसारखे ते कफ वर लोटतात. रोजच्या धुरानं ते झडतात, नळी सुजते, कफ वाढतो. रात्रभर साठलेला तो कफ सकाळी खोकून काढावा लागतो. कॅन्सरचं नाव घेऊन मात्र मी घाबरवणार नाही. तंबाखूइतका ठाम पुरावा नुसत्या गांजाबद्दल अजून नाही. खोकल्या-कफाचा आहे, आणि ओढणं सोडल्यावर तो बहुतेकांचा कमी होतो.

पण प्रत्येक खोकला गांजाच्या माथी मारू नका. बंद खोलीत मित्रांचं टोळकं बसतं, त्यात एखाद्याला टीबी असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीत रक्त दिसलं, एकाएकी छातीत दुखून दम लागला, तर त्याच दिवशी न्या.

काकूंना खरी धास्ती पोलिसांची होती. गांजा बेकायदेशीर आहेच. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाबद्दलच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन आईनं केला तरी चालतो.

डॉक्टरांपुढे "नुसता खोकला आहे" म्हणू नका. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, तंबाखू मिसळतो का, हे पोराला स्वतः सांगू द्या. लागलं तर तेवढा वेळ आपण बाहेर बाकावर बसावं.