परदेशी निघालात? कागद कोणाच्या कपाटात आहेत?

गेल्या पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातील एक भगिनी आपल्या दिराला सोबत घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, एका एजंटाचे व्हिजिटिंग कार्ड आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो. त्यांचे पती संयुक्त अरब अमिरातीत सेंटरिंगच्या कामावर होते. परांचीवरून पडले आणि जागीच गेले. मृतदेह गावी यायला तेवीस दिवस लागले. भीमनगरात अंत्यविधी झाला, पुण्यानुमोदन झाले, कार्यकर्त्यांची भाषणे झाली. महिनाभराने या भगिनी आम्हाला एकच गोष्ट विचारायला आल्या होत्या. "वकीलसाहेब, बाहेरदेशी गेलेल्याचा सरकारी विमा असतो म्हणतात. तो मिळेल का?"

आम्हाला नाही म्हणावे लागले. हे 'नाही' कोठून आले ते समाजबांधवांना कळावे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. अशा माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर 1983 च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. पुष्कळांना ही अडवणूक वाटते. पण ही परवानगी देताना नोकरीचा करारनामा तपासला जातो, मालकाचे नाव सरकारदप्तरी चढते आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर 10 लाख रुपये. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, वर कर. मुंबईत चार माणसांच्या चहा-नाश्त्याला याहून जास्त लागतात!

आमचा हा बांधव नववी नापास. एजंटाने त्याच्याकडून नव्वद हजार घेतले. नोंदणीकृत एजंटालासुद्धा 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हा तर नोंदणीकृतही नव्हता, पावती देण्याचा प्रश्नच नव्हता. बचतगटाचे कर्ज आणि बायकोचे मणी-डोरले यांतून ती रक्कम उभी राहिली. एजंट म्हणाला, "परवानगीच्या भानगडीत पडलास तर दोन महिने जातील. व्हिजिटवर चल, तिकडे व्हिसा बदलून देतो." पर्यटकाला ती परवानगी लागत नाही. म्हणजे मराठवाड्यातला एक सेंटरिंग कामगार कागदावर पर्यटक होऊन दुबईच्या विमानात बसला. परवानगी नाही म्हणून विमा नाही, आणि करारनामा भारतातल्या कोणत्याही दप्तरात नाही.

तिथे उतरल्यावर पहिल्याच दिवशी मुकादमाने पासपोर्ट काढून घेतला. "हरवेल, आमच्याकडे सुरक्षित राहील" हे ठरलेले वाक्य. येथे कायदा सांगणे आमचे काम आहे. पासपोर्ट कायदा 1967, कलम 17: पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो ज्याच्या नावाचा आहे त्याचासुद्धा नाही, मग मालकाचा आणि मुकादमाचा कोठून येणार? कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे अमिरातीतही बेकायदा आहे. आमच्या बापजाद्यांनी गावकीत राबताना अंगठे दिले ते पाटलाच्या वाड्यात राहिले. नातू विमानाने गेला, पण त्याचा कागद पुन्हा दुसऱ्याच्याच कपाटात!

आता पुढची गोष्ट. आम्ही भरपाईचा प्रश्न हाती घेतला. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार कामावर मृत्यू झाल्यास वारसांना 24 महिन्यांच्या मूळ पगाराइतकी रक्कम मिळते. 'मूळ पगार' हे शब्द नीट वाचा. करारात मूळ पगार थोडा आणि भत्ते जास्त दाखवण्याची चलाखी सर्रास चालते. हातात येणारी रक्कम तीच दिसते, म्हणून माणूस खुशीने सही करतो. पण ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच मोजली जाते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा पगार या हिशेबाने. सही करताना दिसला नाही तो तोटा घरी परततानाच्या हिशेबात दिसतो.

पण आमच्या प्रकरणात मूळ पगाराचा वाद व्हायलाच जागा नव्हती. कंपनीने कळवले की हा आमचा माणूसच नव्हे. आणि कंपनी गप्प राहिली असती तरी दुसरा अडथळा आमच्याच घरातला होता. त्या भगिनी मृताच्या पत्नी आहेत हे सिद्ध कशाने करायचे? 2011 साली विहारात मंगल परिणय झाला. भन्तेजी होते, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढचे फोटो आहेत, आहेर केलेल्यांची यादीसुद्धा आहे. नोंदणी मात्र नाही. रेशनकार्डावर त्यांचे सासरचे नाव, आधारवर माहेरचे, बँकेत तिसरेच. शेवटी 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज करावा लागला. तो मिळाल्यावर त्याचा अरबी तरजुमा, राज्य सरकारचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का. दर शिक्क्यामागे मुंबईची एक खेप आणि बुडालेला रोज.

यात चळवळीचा काहीच दोष नाही का? आम्ही स्वतः कितीतरी मंगल परिणयांना हजर राहिलो, वधूवरांना बावीस प्रतिज्ञांची पुस्तिका भेट दिली. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याने 90 दिवसांत विवाह नोंदवायचा असतो हे वकील असून एकदाही माईकवरून सांगितले नाही. परदेशी निघालेल्या तरुणाचा आपण शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार करतो, वस्तीत फलक लावतो. "तुझा व्हिसा कोणता रे? करार दाखव बघू," असे कोण विचारतो?

बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला निघाले ते बडोदा संस्थानच्या करारावर सही करूनच. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतण्याची वेळ आली. तेव्हा चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून आधी मिळवली, मग बोटीत बसले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले.

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या शिकलेल्या बांधवांनीही हसू नये. 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असेल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी मागत बसा. आणि तेच मूल उद्या इकडे शिकायला आले, तर जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जाईल. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा गावच्या पत्र्याच्या पेटीत आहे की वाळवीने खाल्ला, याची चौकशी आजच फोनवर केलेली बरी.

परभणीच्या प्रकरणाकडे परत येतो. मृतदेह आणण्यासाठी भारतीय दूतावासाने मदत केली हे मान्य केले पाहिजे. 2009 पासून दूतावासांकडे त्यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. 'मदद' पोर्टलवर आमची तक्रारही नोंदली आहे. प्रश्न अडला तो एकाच जागी. तो बांधव त्या कंपनीत कामाला होता याचा पुरावा काय? करार नाही, पगाराची पावती नाही, पगार मुकादम रोख देत होता.

मागच्या आठवड्यात त्या भगिनी पुन्हा आल्या. या वेळी सोबत थोरली मुलगी होती, सातवीतली. तिने आईच्या जुन्या, काच फुटलेल्या मोबाईलमधून वडिलांचा एक फोटो शोधून काढला होता. डोक्यावर पिवळे हेल्मेट, मागे अर्धवट इमारत, गळ्यात साईटचा गेटपास. फोटो मोठा केला की गेटपासवर त्यांचे नाव आणि कंपनीचे नाव इंग्रजीत स्वच्छ वाचता येते. आम्ही त्याची प्रत काढून दूतावासाकडे पाठवली आहे. मोबाईल मात्र त्या लेकीकडेच ठेवला. एकही फोटो पुसायचा नाही आणि फोन दुरुस्तीला टाकायचा नाही, असे तिला बजावले आहे.