वीज गेल्यावर : इन्व्हर्टर आणि बॅटरी

सोमवार, ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. ठाणें जिल्ह्यांतील कळवा व पडघा या केंद्रांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत बिघाड झाला होता. अशा प्रसंगीं मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून अलग करून चालू ठेवण्याची जी योजना कौतुकाचा विषय होऊन बसली होती, ती नेमकी त्या दिवशीं कामीं आली नाहीं. लोकल गाड्या वाटेंत उभ्या राहिल्या, मुंबई विद्यापीठाच्या कांहीं ऑनलाईन परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. कांहीं वस्त्यांत वीज दोन-तीन तासांत परतली, कांहींत संध्याकाळ झाली. तो काळ महासाथीचा होता. कचेरी घरांत आली होती, शाळा घरांत आली होती, आणि कित्येक घरांत प्राणवायूच्या यंत्राला टेकलेला रुग्णहि होता. त्यामुळें वीज जाणें म्हणजे पंखा बंद पडणें, एवढाच अर्थ त्या दिवशीं उरला नव्हता.

कल्याण-डोंबिवलीकरांना ही गोष्ट मुंबईकरांइतकी नवलाची वाटली नाहीं. या शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमन हा शब्द या भागांतील मुलांच्याहि तोंडीं झाला होता. मुंबई शहरांत दिवे लखलखत असतांना मुलुंडपलीकडील गृहस्थ सातच्या लोकलनें घरीं येऊन मेणबत्तीच्या उजेडांत जेवत असे. यांतील गंमत अशी, कीं ज्या लोकलनें तो येई तिला लागणारी वीज एके काळीं याच भागांत तयार होत होती. ठाकुर्लीचें चोळा वीजगृह जी. आय. पी. रेल्वेनें १९२९ सालीं विजेच्या गाड्यांसाठींच उभारलें, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ त्याचीं धुरांडीं डोंबिवलीहून कल्याणकडे जाणारा प्रवासी पाहत असे. तें आतां इतिहासजमा झालें आहे. असो. भारनियमनाच्या त्या वर्षांत इन्व्हर्टर घरोघर शिरला, आणि तो तेथेंच राहिला.

इन्व्हर्टर घेण्यास मनुष्य दुकानांत गेला म्हणजे विक्रेता पहिला प्रश्न विचारतो : "खोल्या किती?" हा प्रश्न विक्रेत्याच्या सोयीचा आहे, घेणाऱ्याच्या नव्हे. दोन खोल्यांच्या घरांत प्राणवायूचें यंत्र चालत असेल आणि पांच खोल्यांच्या घरांत दिवसभर कोणीहि नसेल. घेणाऱ्यानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच घरांतील मंडळींना एकत्र बसवून एवढेंच ठरवावें, कीं वीज गेल्यावर या घरांतील कोणती गोष्ट थांबून चालणार नाहीं. एका कागदावर तीं नांवें लिहावीं, आणि प्रत्येकापुढें तिला किती वॅट लागतात तें मांडावें. हा आंकडा बहुतेक उपकरणांच्या पाठीमागें छापलेला असतो.

उदाहरण घेऊं. दोन जुने छताचे पंखे प्रत्येकीं ७५ वॅट, तीन एल.ई.डी. नळ्या प्रत्येकीं २०, लॅपटॉप ६० आणि इंटरनेटचा राऊटर १०, मिळून २८० वॅट झाले. बॅटरीवर १२ व्होल्ट व १५० अँपिअर-अवर असें लिहिलेलें असतें. या दोन संख्यांचा गुणाकार १८०० वॅट-अवर. यास २८० नें भागलें तर सहा तासांहून अधिक काळ येतो, आणि विक्रेता तोच सांगतो. परंतु १५० ही संख्या बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच खरी. घाईनें उपसली तर तिच्यांतून कमी वीज निघते. शिवाय १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करतांना इन्व्हर्टर आपला कर घेतोच. म्हणून सहा तासांचे हातीं पडतात साडेतीन-चार, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर त्याहूनहि कमी.

याच हिशेबावरून दुसरी एक गोष्ट ध्यानांत येते. तेच दोन पंखे नव्या, ब्रश नसलेल्या मोटारीचे घेतले, तर प्रत्येकास ७५ च्या ठिकाणीं ३० वॅट पुरतात. बेरीज २८० वरून १९० वर येते, आणि तीच बॅटरी सहा तासांच्या आसपास जाते. मोठी बॅटरी घेण्यापेक्षां पंखे बदलणें हा अधिक शहाणपणाचा खर्च होय. कारण बॅटरी वीज गेल्यावरच कामीं येते, पंखा मात्र वर्षभर विजेचें बिल कमी करीत राहतो. ही गोष्ट बॅटरीच्या दुकानांत कोणी सांगणार नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेंहि कारण नाहीं.

गीझर, इस्त्री, मिक्सर, वातानुकूलन यंत्र हीं इन्व्हर्टरला जोडूं नयेत, हें सर्वांना माहीत असतें. फ्रीजविषयीं मात्र मोह आवरत नाहीं. फ्रीज चालतांना फार वीज घेत नाहीं, पण सुरू होण्याच्या क्षणीं त्याची मोटार नेहमींच्या कित्येक पट ओढते, आणि लहान इन्व्हर्टर तेथेंच बसतो. शिवाय गरजहि नसते. दार न उघडतां ठेवलेला फ्रीज चार तासपर्यंत आंतील पदार्थ थंड ठेवतो. वीज गेली कीं घरांतील प्रत्येकजण दार उघडून आंत दूध कसें आहे तें पाहतो, त्यानेंच तें नासण्याची सोय होते!

इन्व्हर्टर घेतांना त्याच्या लहरीकडे पाहावें. स्वस्त यंत्रांतून निघणारी वीज चौरस लहरीची असते, म्हणजे ती पायऱ्या चढल्याउतरल्यासारखी धक्क्याधक्क्यानें बदलते. अशा विजेवर पंखे गुणगुणतात व मोटारी तापतात. साइन वेव्ह म्हणून जे मिळतात ते घरच्या विजेसारखीच गोल लहर देतात. किंमत कांहींशी अधिक पडते. परंतु ज्या घरांत रुग्णाचें एखादें यंत्र किंवा संगणक आहे तेथें दुसऱ्या प्रकारचा विचारहि करूं नये.

संगणकाचा प्रश्न थोडा निराळा आहे. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत एक क्षणाचाहि अंश जातो. दिव्याला तो कळत नाहीं, टेबलावरील संगणकाला कळतो, आणि अर्धवट लिहिलेलें पत्र नाहींसें होतें. पुष्कळ इन्व्हर्टरांवर यू.पी.एस. असें लिहिलेली एक कळ असते. ती तिकडे फिरवली असतां हा अवधि पुष्कळ कमी होतो. कचेरींत संगणकाखालीं जी लहान यू.पी.एस.ची पेटी असते ती दहा-पंधरा मिनिटांपुरती असते. काम पुरें करण्यासाठीं ती नसते. कागद जपून ठेवून संगणक नीट बंद करण्यासाठीं असते. तिच्या भरंवशावर हिशेबाचा ताळेबंद पुरा करूं पाहणारे कारकून प्रत्येक कचेरींत आढळतात.

घरून काम करणाऱ्याला खरी अडचण लॅपटॉपची नसते, कारण त्याची स्वतःची बॅटरी असते. अडचण राऊटरची असते. त्यासाठीं मोठ्या इन्व्हर्टरची जरुरी नाहीं. पुस्तकाएवढी १२ व्होल्टची छोटी यू.पी.एस. मिळते, ती राऊटरला तीन-चार तास चालवते. तंतुवाहिनीची निराळी पेटी भिंतीवर असेल तर तीहि तिला जोडली पाहिजे. तीच विसरली जाते. आणि एवढें करूनहि इंटरनेट बंद पडलें, तर इमारतीच्या जिन्याखालीं अथवा गच्चीवर केबलवाल्याची जी जोडपेटी असते तिच्याकडे पाहावें. तिला पाठीमागें बॅटरी नसेल तर बाराहि बिऱ्हाडांचे राऊटर पेटलेले आणि निरुपयोगी! सोसायटीच्या सभेंत रंगाच्या खर्चावर तासभर वाद होतो. त्यांतील पांच मिनिटें या पेटीला दिलीं तर बरें होईल.

जेथें रुग्ण आहे तेथें हिशेबांत चूक चालत नाहीं. मिनिटास पांच लिटर प्राणवायु देणारें घरगुती यंत्र सुमारें ३०० ते ३५० वॅट घेतें, म्हणजे वर सांगितलेल्या सबंध घराहून अधिक. चांगल्या बॅटरीवर तें तीन तास चालेल, अधिकाचा भरंवसा धरूं नये. म्हणून अशा घरांत यंत्राशेजारीं प्राणवायूचें भरलेलें नळकांडें असलेंच पाहिजे, आणि तें जोडावयाचें कसें हें घरांतील निदान दोघांना येत असलें पाहिजे. लिफ्ट बंद असतांना सातव्या मजल्यावरील रुग्णास खालीं कसें न्यावयाचें, याचाहि विचार आधींच झालेला असावा.

आतां देखभाल. घरोघर वापरल्या जाणाऱ्या बॅटऱ्या बहुतेक शिशाच्या पत्र्यांच्या व सल्फ्यूरिक आम्लाच्या असतात. चार्ज होतांना त्यांतील पाण्याचा कांहीं अंश हायड्रोजन व प्राणवायूच्या रूपानें निघून जातो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनीं तरंगता दर्शक पाहून पाणी घालावें लागतें, तें ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड. नळाचें नको, घरच्या शुद्धीकरण यंत्राचेंहि नको. त्यांत क्षार उरतातच. आम्ल तर कधींहि घालूं नये. पत्रे पाण्याबाहेर उघडे पडले कीं तेवढा भाग मेला असें समजावें. टोकांवर पांढुरका-हिरवट थर बसला असेल तर यंत्र बंद करून सोड्याच्या कोमट पाण्यानें पुसावा व वर थोडें व्हॅसलीन लावावें.

हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. दीड खोलीच्या बिऱ्हाडांत जागा नसते, म्हणून कित्येक घरांत बॅटरी देव्हाऱ्याखालच्या कपाटांत ढकललेली दिसते, आणि वर निरांजन व उदबत्ती. हें तत्काळ बदलावें. ती हवेशीर जागीं, गॅलरींत छपराखालीं, पाऊस लागणार नाहीं अशी ठेवावी. माळ्यावर चढवूं नये. १५० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या क्विंटलाहून जड भरते. जिन्याच्या वाटेंत ठेवून शेजाऱ्यांची वाट अडवूं नये. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं ती चौथऱ्यावर ठेवावी. २००५ सालीं २६ जुलैला उल्हास नदीला आलेला पूर बदलापूर-कल्याणकडील मंडळी विसरलेलीं नाहींत.

आज बऱ्याच ठिकाणीं वीज पूर्वीइतकी जात नाहीं, आणि त्यांतून एक नवाच रोग निघाला आहे. वापर नसल्यामुळें बॅटरीकडे कोणी पाहत नाहीं, पाणी आटतें, आणि वर्षांतून एकदां खरी वेळ येते तेव्हां इन्व्हर्टर पांच मिनिटें शिट्टी मारून गप्प बसतो. महिन्यांतून एकदां मुख्य कळ बंद करून तासभर घर बॅटरीवर चालवावें. किती वेळ चाललें तें तिच्यावरच खडूनें लिहून ठेवावें. तिची प्रकृति त्यावरून कळते. आणि ज्या घरांत वर्षाकांठीं चार-दोन तासच वीज जाते व रुग्ण कोणी नाहीं, त्या घरानें मोठा इन्व्हर्टर घेऊंच नये. तो स्वस्थ बसून राहिला तरी पंधरा वॅट खाल्ले, तर महिन्याला दहा-अकरा युनिटें होतात. तेथें राऊटरची छोटी पेटी व चार्ज होणारे दोन दिवे पुरेत.

लिथियमच्या बॅटऱ्यांचा सध्यां बोलबाला आहे. त्या हलक्या असतात, पाणी मागत नाहींत, अधिक खोलवर वापरतां येतात व पुष्कळ वर्षें टिकतात. किंमत मात्र बरीच अधिक पडते. वयस्क जोडपें एकटें राहत असेल, आणि वांकून पाणी घालणारें घरांत कोणी नसेल, तर ती किंमत सार्थकीं लागते. इतरांना शिशाची बॅटरी अजूनहि वाईट नाहीं.

एक धोका मात्र श्रोत्यांनीं घरांतील प्रत्येकाला समजावून द्यावा. इन्व्हर्टर असलेल्या घरांत मुख्य कळ बंद केली तरी पंख्या-दिव्यांच्या तारांत वीज असते, आणि ती पूर्ण २३० व्होल्टचीच असते. दिवा बदलावयास किंवा पंखा उतरावयास वायरमन आला, कीं आधीं इन्व्हर्टर बंद करावा. त्याला तसें स्पष्ट सांगावें. तो सराईत असला तरी सांगावें.

बॅटरी निकामी झाल्यावर ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालूं नये. तो ती रस्त्यावर फोडतो, आम्ल गटारांत जातें आणि शिसें त्याच्या मुलाबाळांच्या अंगांत. नवी घेतांना जुनी दुकानदारास परत द्यावी. तिच्यांतील शिशाचें मोल असल्यानें तो तिची किंमत वजा करून देतो. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे सरकारी नियम २००१ पासून आहेत, आणि २०२२ च्या नव्या नियमांनीं ही जबाबदारी बॅटरी तयार करणाऱ्यांवर अधिक स्पष्टपणें टाकली आहे. पावतीवर जुन्या बॅटरीची वजावट वेगळी लिहून घ्यावी.